देवळीला मी हेव्यापोटी गेले

खरं कारण आधीच सांगून टाकते. वर्धा जिल्हा बघायला म्हणून मी गेले नव्हते. स्नेहलचं काम किती सामान्य आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून यावं म्हणून गेले होते.

स्नेहल आणि मी पुण्यात एकाच कला महाविद्यालयात शिकलो, चार वर्षं एका खोलीत राहिलो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती मला सापडली. समावेशक कला असं त्याचं नाव. अपंग, गावाने बाजूला टाकलेली, घरच्यांनी आतल्या खोलीत ठेवलेली माणसं असतात. त्यांना चित्रकला शिकवायची नाही, त्यांच्याबरोबर बसून, बरोबरीने काहीतरी घडवायचं, असा तो अभ्यास. फॉर्म मी आणला. स्नेहलला फॉर्म भरायचा कंटाळा, म्हणून तिचाही मीच भरला. मुलाखतीला दोघी गेलो. तिला घेतलं, मला नाही.

त्यानंतरही मी शाळेत चित्रकलाच शिकवतेय आणि स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवतेय. स्नेहल मात्र देवळीत राहून तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करत होती आणि मला फोटो पाठवत होती. मातीने भरलेले हात, हसणारी माणसं. मी प्रत्येक फोटोवर बदामाचं चिन्ह टाकायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिचा फोन आला. "परीक्षक येणारेत गं. तू ये ना. तू असलीस की मला धीर येतो."

हो म्हटलं. शाळेत तीन दिवसांची रजा टाकली आणि ब्लॉगवर लिहून ठेवलं, 'हिवाळ्यातला विदर्भ बघायला निघालेय.'

पहिला दिवस: वर्धा ते देवळी

पुण्याहून संध्याकाळी निघणारी गाडी घेतलीत तर सकाळी वर्ध्याला उतरता. आरक्षण महिनाभर आधी करा, दिवाळीनंतर गर्दी असते. स्टेशनबाहेर पडल्यावर पहिलं काम म्हणजे तर्री-पोहे. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात, वर कच्चा कांदा. मी "कमी तिखट" म्हटलं, तर गाडीवाल्याने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "पुन्याच्या का मॅडम? मंग तर्री बाजूले देतो, तुमच्या हिमतीनं घ्या." मी सगळी ओतून घेतली. नाक, डोळे, कान सगळं वाहायला लागलं, पण चव अजून जिभेवर आहे.

बसस्थानकावरून देवळीच्या गाड्या मिळत राहतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रिक्षाच्या भानगडीत पडू नका. उजवीकडची खिडकी पकडा. कापूस वेचणीचे दिवस होते. जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या इतक्या भरलेल्या, की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना मैलोगणती कापूस अडकलेला. तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या. फार सुंदर होतं सगळं, आणि मला ते सुंदर असल्याचाच राग येत होता. स्नेहल हे रोज बघतेय.

ती स्थानकावर उभी होती. वाळली होती, काळवंडली होती आणि चांगली दिसत होती. गळ्यात पडली आणि लगेच मागे वळून कुणाला तरी ओरडली, "भाऊ, मी जाऊन राह्यली गोदामावर, मंग येजा तिकडं!"

मी म्हटलं, "तू बोलतेसही त्यांच्यासारखी?"

"कधी लागली सवय, कळलंच नाही."

मला मात्र कळलं. माझ्या आत काहीतरी बारीक टोचलं होतं.

गोदाम बाजाराच्या मागे होतं, एका किराणा दुकानदाराचं, पूर्वी तिथे सरकीची पोती ठेवायचे. आत गेले आणि दारातच थांबले. अख्ख्या फरशीवर देवळी गाव पसरलेलं होतं. नकाशाच, पण डोळ्यांनी बघायचा नव्हता. चपला काढून, डोळे मिटून त्याच्यावरून चालायचं. गटात आठ माणसं होती आणि प्रत्येकाने आपण रोज चालतो तो रस्ता आपल्याला हव्या त्या वस्तूने बनवला होता. एक रस्ता सोयाबीनच्या कुटाराचा, मळणीनंतरच्या भुशाचा, मऊ आणि जरा टोचणारा. एक ओल्या मातीच्या वरंब्यांचा. एक पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्यांचा. पायाखाली तो करकर वाजायचा.

पऱ्हाटीचा रस्ता वासुदेवभाऊंचा. पन्नाशीचे, लहानपणी देवीत दृष्टी गेलेले. घरची वांगी-मेथीची शेती, आणि बाजारात न्यायचा माल हाताने चाचपून निवडायचं काम त्यांचं. ते कोपऱ्यात काड्या मोडत बसले होते.

"या ताई," म्हणाले. "स्नेहल रोज सांगते तुमच्याबद्दल. मले सगळं तुमीच शिकवलं म्हंते."

ती असं म्हणते हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. इतकं मोठं मन ठेवायला तिला आता परवडतं, असं वाटलं.

मी दोष शोधत फिरले. रचना चांगली होती. पोत चांगले होते. शेवटी एक जागा सापडली. जुन्या साड्यांच्या चिंध्या पिळून केलेला एक जाडजूड दोर गावभर वेटोळे घेत गेला होता. दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून जायचा, परत यायचा, पुन्हा तिथेच जायचा. आणि बसस्थानकाच्या जागी त्याच चिंध्यांचा गुडघाभर उंच ढीग. नकाशाचा सगळा तोल त्या ढिगाने घालवला होता.

"हा बेबीचा," स्नेहल म्हणाली. बेबी म्हणजे गोदामाच्या मालकाची बहीण. वय एकेचाळीस. गोष्टी समजायला तिला इतरांपेक्षा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. त्यामुळे जन्मभर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. "पहिले चार महिने ती दारात उभी राहून नुसती बघायची. मग एक दिवस साडी फाडत आत आली."

"ढीग जरा जास्त नाही वाटत?" मी विचारलं.

"तिला तेवढाच हवाय."

दुपारी स्नेहलला काही कागद छापून आणायला वर्ध्याला जायचं होतं. वासुदेवभाऊ शेतावर गेले. चावी माझ्याकडे देताना ती म्हणाली, "कडेची माती सुकली तर पाणी मार आणि दाब. बाकी कशाला हात लावू नकोस हं."

हात लावू नकोस. मला. जिचे हात धरून ही सावल्या काढायला शिकली, तिला.

अर्धा तास मी माती दाबली. मग बेबीच्या रस्त्यापाशी बसले. आधी एक वेटोळं सोडवलं. मग दुसरं. काम करता करता हाताला लय सापडली. दोर मी एका छान वळणात नेला, दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून उचलून बाजूने घेतला. बसस्थानकाचा ढीग उपसला, चिंध्या पोत्यात भरल्या आणि त्या जागी दोराचीच एक सपाट, गोल चकती केली. उभी राहून पाहिलं. सुरेख दिसत होतं. मी फोटो काढला. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला छान वाटत होतं. त्या कामात आता माझाही हात होता.

संध्याकाळी स्नेहल परतली. गोदामात एक चक्कर मारली, काही बोलली नाही. कुलूप लावलं. खोलीवर तिने झुणका-भाकरी केली आणि आम्ही कॉलेजच्या गप्पा मारल्या.

दुसरा दिवस: देवळी

परीक्षक बाराला येणार होते. सकाळी आठलाच बेबी आली. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, केसांना भरपूर तेल. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. चपला काढल्या, डोळे मिटले आणि आपल्या रस्त्यावरून चालायला लागली.

चार पावलांवर अडखळली. मग हळू झाली. बसस्थानकाच्या जागी येऊन थांबली आणि पायाने चाचपायला लागली. उजवीकडे, डावीकडे, पुढे. डोळे उघडले.

"कोनं नेलं?"

मी खाली वाकून माती दाबायला घेतली.

"माहं कोनं नेलं?"

स्नेहल तिच्याकडे धावली. बेबीने तिचा हात झटकला, चपला हातात घेतल्या आणि निघून गेली. रडली नाही की ओरडली नाही. तिने त्यातलं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

स्नेहल पांढरी पडली होती. आता सांगावं, आता सांगावं असं म्हणत मी एक तास घालवला. गटातली बाकीची माणसं येत होती, बेबी कुठे म्हणून विचारत होती, आणि मी माती दाबत होते.

वासुदेवभाऊ आल्यावर गुडघ्यावर बसले आणि बेबीच्या रस्त्यावरून बोटं फिरवत निघाले. सगळा रस्ता संपवला. चकतीवर हात ठेवून बराच वेळ थांबले. मग माझ्या माती दाबण्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून हळूच म्हणाले, "ताई, हा हात बेबीचा नाई. हा शिकेल मानसाचा हात हाय."

मी हातातली माती खाली ठेवली.

"पयले बेबीले सांगा," ते म्हणाले. "स्नेहलले मंग."

किराणा दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. बेबीचा भाऊ पुड्या बांधत होता, वहिनी गल्ल्यावर बसली होती. मागच्या बाजूला तुरीच्या पोत्यांवर बेबी बसलेली. मी समोर उकिडवी बसले.

"बेबीताई, ते मी काढलं."

"काऊन?"

"मला वाटलं, ते जरा जास्त झालंय."

"तुले वाटलं." तिने चष्मा पुसला. "तू उभी राह्यली काय तिथं कधी?"

"नाही."

"मंग काऊन काढलं?"

रचना, तोल, पोत असे शब्द मी बारा वर्षं मुलांना शिकवतेय. तिच्यासमोर त्यातला एकही चालणार नव्हता. मी म्हटलं, "मला स्नेहलचा हेवा वाटला."

"हेवा म्हंजे?"

पुढून, पुडीची गाठ मारता मारता, भाऊ म्हणाला, "जलन, बेबी. जलन."

म्हणजे दुकानात सगळे ऐकत होते. बेबीने मात्र मान डोलावली, ओळखीचा माणूस भेटल्यासारखी.

"मले बी व्हते जलन," ती म्हणाली. "वहिनीची. थे गल्ल्यावर बसते. मले नाई बसू देत."

मग उठली. म्हणाली, "चाल. उभी राहून पाह्य."

ती मला बसस्थानकावर घेऊन गेली. कडेला एका ठरावीक खांबापाशी उभी राहिली, मला शेजारी उभं केलं. वर्ध्याची बस आली आणि गेली. यवतमाळची आली, गेली. पुन्हा वर्ध्याची. ऊन चढत होतं, पाय दुखत होते, आणि फोनमध्ये बाराला पाच कमी होते. माणसं चढत होती, उतरत होती, बेबीकडे कुणी बघत नव्हतं.

"तू रोज येतेस इथे?"

"रोज येतो." इथल्या बायाही येतो, जातोच म्हणतात. "शाळा सोडली तवापासून."

"बसमध्ये नाही बसत?"

"दादा नाई म्हंते. हरवशीन म्हंते. मी उभा राह्यतो. मंग दादा येते न्यायले."

"किती वेळ उभी राहतेस?"

तिने हाताने जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची दाखवली. "येवढा."

आम्ही परतलो तेव्हा परीक्षकांची गाडी दारात उभी होती. एक सर आणि एक मॅडम, दोघेही अनवाणी, हातात कागद. स्नेहल त्यांना काहीतरी सांगत होती. बेबी सरळ आत गेली, माझ्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हिनं काढलं माहं. हिले जलन झालती."

गोदामात दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या विद्यापीठाने मला घेतलं नव्हतं त्याचे दोन परीक्षकही बघत होते. जमीन दुभंगायची वाट बघत मी "हो" म्हटलं.

मला वाटलं स्नेहल ओरडेल. ती माझ्याकडे न बघता परीक्षकांना म्हणाली, "मी काल संध्याकाळीच पाहिलं होतं. हिनेच केलंय हेही ओळखलं. परत लावायला हवं होतं, बेबीला बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. छान दिसत होतं ते. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

मॅडमनी कागद खाली ठेवला आणि बेबीला विचारलं, "आता काय करायचं?"

"थांबा," बेबी म्हणाली. "बसा तिकडं."

ते बसले. बेबीने पोतं ओतलं आणि ढीग रचायला घेतला. सगळा दोर तिने पुन्हा दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून ओढला. मी मदतीला पुढे झाले, तर दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "तू फक्त धर." तासभर मी ते टोक धरून उभी होते. ढीग आता मांडीपर्यंत गेला. सरांनी विचारलं, आधीपेक्षा मोठा का? ती म्हणाली, "आज दोघी उभ्या होतो."

मग परीक्षक डोळे मिटून चालले. मॅडम त्या ढिगापाशी पोचल्या, त्यांचे पाय अडले, आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. पुढे जायचा रस्ता शोधत होत्या की नव्हत्या, मला सांगता येणार नाही. खूप वेळ उभ्या होत्या.

संध्याकाळी खोलीवर स्नेहल फारसं बोलली नाही. भांडी घासता घासता एकदा म्हणाली, "तू आली नसतीस तर बरं झालं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "भात घे अजून."

मी भात घेतला. आणि सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटत होता. मला खरं बोलायला खिंडीत पकडावं लागलं. ती आपण होऊन बोलली होती, तेही आपल्या गुणांवर पाणी सोडून.

तिसरा दिवस: केळझर

परतीची गाडी नागपूरहून होती, म्हणून वाटेत केळझरला उतरले. वर्धा-नागपूर बस तिथे थांबते. गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, सकाळी लवकर जा, पायऱ्या तापत नाहीत. वरून सगळी हिरवी-पिवळी शेतं दिसतात आणि वारा छान लागतो.

हात जोडले आणि काय मागावं ते कळेना. स्नेहलला चांगले गुण मिळू देत, असं मागायला तोंड उघडेना. मिळू नयेत असं मागायची लाज वाटली. शेजारी हार विकणाऱ्या बाईने विचारलं, "एकट्याच आल्या काय? काही नवस हाय?"

"नाही, सहज."

"सहज कोनी येत नाई," ती म्हणाली आणि जास्वंदीचं फूल हातावर ठेवलं. मी ते वाहिलं, काहीच न मागता खाली उतरले आणि खालच्या टपरीवर गरम आलूबोंडा खाल्ला. तो चुकवू नका.

घरी

स्नेहल उत्तीर्ण झाली, चांगल्या गुणांनी. कळल्यावर मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. ते रडणं आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही.

हा हेवा गेलेला नाही. आधी मला तिची पदवी हवी होती. आता मला तिथल्या कुणीतरी "आमची" म्हणावं असं वाटतं, आणि ते फॉर्म भरून मिळत नाही. माझ्या फोनमध्ये त्या सुरेख चकतीचा फोटो अजून आहे. पुसायला घेते आणि राहू देते. आपण किती देखणं नुकसान करू शकतो, हे बघायला तो बरा आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी स्नेहलला पाठवलं. वाटलं, ती म्हणेल किती प्रामाणिक लिहिलंयस. तिचं एका ओळीचं उत्तर आलं. "बेबीला विचारलंस?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुन्हा तेच बारीक टोचणं.

दुकानावर फोन लावला. भावाने फोन गल्ल्यावर ठेवून आवाज मोठा केला आणि मी सगळा लेख वाचून दाखवला, मध्ये गिऱ्हाईकं येत होती तेव्हा थांबत. भावाने स्वतःचं नाव काढायला सांगितलं, काढलं. स्नेहलनेही नंतर तिचं बदलायला सांगितलं, म्हणून ती इथे स्नेहल आहे. बेबीला विचारलं, तुझं बदलू का?

"नाई. बेबीच लिही."

"बाकी ठीक आहे ना?"

तिने एका गिऱ्हाइकाला जाऊ दिलं. मग म्हणाली, "वहिनीनं चाय आनलती. थे काऊन नाई लिहिलं?"

मी म्हटलं, ते तेवढं महत्त्वाचं नव्हतं म्हणून.

"तुले वाटलं," बेबी म्हणाली.

तर लिहिते. त्या दिवशी दुकानात, मले बी व्हते जलन असं बेबी म्हणाली तेव्हा, वहिनी गल्ल्यावरून उठली. आत गेली आणि चहा घेऊन आली. एक कप मला दिला. दुसरा बेबीसाठी बशीत ओतला, फुंकर घालून निववला, आणि बेबी तो पिऊन होईपर्यंत तिच्या शेजारी तुरीच्या पोत्यावर बसून राहिली. तेवढा वेळ गल्ल्यावर कुणी बसलं नव्हतं.